सांधा कोणाचा?

गेल्या फाल्गुनांत कांहीं घरगुती कामासाठीं मी पेणहून रोह्यास गेलों होतों. काम लवकर उरकलें आणि परतीच्या गाडीस बराच अवकाश होता, म्हणून धाटावच्या औद्योगिक वसाहतींत एका नव्या कारखान्याच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्या स्नेह्याकडे सहज डोकावलों. इमारत पोलादी होती. उंच खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया, आणि खांब व तुळई जेथें एकत्र येतात तेथें जाड पट्ट्या व बोल्ट, असा तो सांगाडा उन्हांत उभा होता. खांबांना व तुळयांना पांढरट रंगाचा एक जाड लेप दिलेला होता. स्नेह्यानें सांगितलें कीं हा साधा रंग नव्हे. आग लागली असतां तो फुगतो, स्वतः कोळशासारखा होऊन पोलादाभोंवतीं आवरण धरतो आणि आंतील पोलाद लवकर तापूं देत नाहीं. मला मोठें कौतुक वाटलें.

परंतु वर पाहतां पाहतां एक गोष्ट माझ्या लक्षांत आली. सांध्यांच्या जागीं हा लेप नव्हता. बोल्ट मागाहून आवळावयाचे म्हणून तेवढ्या जागा मोकळ्या ठेविल्या होत्या, आणि आतां एक तरुण कामगार परांचीवर बसून त्या जागांवर कुंचल्यानें रंग ओढीत होता. स्नेही दुसरीकडे गेला होता. जवळ उभ्या असलेल्या मिस्त्रीस मीं विचारलें, "मिस्त्री, हा तोच लेप का?"

तो हंसला. "नाय काका, हा आपला साधा रंग. लेपवाले येऊन गेले. त्यांचं काम खांबाचं नि तुळईचं. नट-बोल्ट आमचे, पण लेप काय आमचा नाय."

"मग सांध्याचा लेप कोणाचा?"

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "खालनं रंग एकच दिसतो की."

त्याच्या बोलण्यांत लबाडी नव्हती. तो जें खरें तेंच सांगत होता. मी पुढें कांहीं बोललों नाहीं. गाडीची वेळ झाली होती. पण नागोठणें गेलें, कासू गेलें, पेण आलें, तरी माझाच प्रश्न मला सोडीना. सांधा कोणाचा?

पोलाद आणि अग्नि यांच्या संबंधाविषयीं आपल्या मनांत एक भाबडी समजूत असते. पेण तालुक्यांतच धरमतरच्या खाडीकांठीं डोलवी येथें पोलादाचा प्रचंड कारखाना आहे. तेथें १५०० अंशांच्या आसपासच्या उष्णतेंत लोखंडाचा रस होतो आणि त्याचें पोलाद बनतें. जें आगींतून जन्मलें तें आगीला काय भिणार, असें वाटणें स्वाभाविक आहे. शिवाय लाकूड जळतें, पोलाद जळत नाहीं, हें तर चुलीपाशीं बसणारें मूलही सांगेल. परंतु न जळणें वेगळें आणि भार सोसणें वेगळें. जाड सागवानी तुळई पेटली तर तिचा वरचा थर कोळसा होत जातो, पण तो कोळसाच आंतील लाकडाचें रक्षण करतो. तासाभरांत एका बाजूनें सुमारें ३ ते ४ सेंटिमीटर लाकूड खर्ची पडतें आणि उरलेलें लाकूड आपला भार वाहत राहतें. लाकूड अजिंक्य आहे असें अर्थातच नव्हे. आमच्या जिल्ह्याला ज्या गडाचें नांव आहे त्या रायगडावरील वाडे १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफगोळ्यांनीं लागलेल्या आगींत जळाले, आणि आज जोतीं व खांबांचे तळखडे तेवढे उरले आहेत. पण लाकूड जळतांना दिसतें. त्याचा नाश डोळ्यांसमोर होतो. पोलादाचें तसें नाहीं. उष्णता त्याच्या अंगभर झपाट्यानें पसरते आणि रूप फारसें न बदलतां तें आंतून मऊ होत जातें. आपल्या देशांतील पोलादी बांधकामाचें प्रमाणपुस्तक म्हणजे भारतीय मानक ८००. त्याच्या २००७ च्या आवृत्तींत अग्निरोधावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांतील सूत्राप्रमाणें २१५ अंशांपर्यंत पोलादाची शक्ति कायम धरतात. तेथून ती उतरत जाते, ५६० अंशांवर निम्मी उरते आणि ९०५ अंशांवर कांहींच उरत नाहीं. आणि प्रयोगशाळेंत जी प्रमाणभूत आग मानतात तिच्यांत भोंवतालची हवा पांच मिनिटांत ५७५ अंशांच्या वर व अर्ध्या तासांत ८४० अंशांच्या वर जाते. उघड्या पोलादाला मिळणारी सवलत किती थोडी आहे, हें यावरून दिसेल.

आतां सांध्याकडे वळूं. स्थापत्यशास्त्रज्ञ पुष्कळ काळ सांध्याविषयीं निश्चिंत होते, आणि त्यास कारणही होतें. सांध्यापाशीं पोलादाची जाडी अधिक असते, ज्वाळांचा मारा तुळईच्या मध्यभागीं अधिक होतो. म्हणून सांधा तुळईपेक्षां थंड राहतो. तुळई सुरक्षित तर सांधा सुरक्षित, असा तो सरळ हिशेब होता. परंतु या हिशेबांत सांध्यावरील भार आगींतही पूर्वींसारखाच राहतो असें गृहीत धरलें होतें, आणि तेथेंच चूक होती. तुळई तापली कीं लांबते. १० मीटरांची तुळई ५०० अंशांनीं तापली आणि तिला मोकळीक असली, तर ती सुमारें ६ सेंटिमीटर वाढेल. परंतु दोहों बाजूंना खांब असल्यामुळें तिला वाढावयास जागा नसते; ती खांबांना रेटते, आणि हा रेटा सांध्यावर येतो. पुढें ती मऊ होऊन झोळीसारखी लोंबते. आतां तीच तुळई खांबांना आपल्याकडे ओढूं लागते. शेवटीं आग विझते. तुळई निवते व आंखडते. पण तापली असतां ती चेपली गेलेली असल्यामुळें आंखडल्यावर पूर्वींपेक्षां आंखूड पडते, आणि सांध्यावरील ओढ पराकोटीस जाते. वजन पेलण्यासाठीं बसविलेल्या सांध्याला एका रात्रींत रेटा, ओढ आणि पुन्हां ओढ अशा तीन परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्यांपैकीं एकीचीही तयारी त्याच्याकडून बहुधा करून घेतलेली नसते. त्यांत भर अशी कीं बोल्ट ज्या कठीण पोलादाचे करतात तें उष्णतेपुढें लवकर हार खातें. युरोपांतील प्रमाणपुस्तकांत ६०० अंशांवर तुळईच्या पोलादाची ४७ टक्के शक्ति उरते असें धरतात, तर बोल्टाची अवघी २२ टक्के.

हें केवळ कागदावरचें अनुमान नव्हे. इंग्लंडांत कार्डिंग्टन येथें, पूर्वीं हवाई जहाजें ठेवण्यासाठीं बांधलेल्या एका अवाढव्य छपराखालीं, आठ मजल्यांची खरीखुरी पोलादी इमारत उभारण्यांत आली, आणि १९९५-९६ मध्यें व पुन्हां जानेवारी २००३ मध्यें तिच्यांत मुद्दाम आगी लावून पाहिल्या. इमारत कोसळली नाहीं. तुळया वांकल्या, पण वरच्या काँक्रीटच्या मजल्यानें जाळ्याप्रमाणें भार झेलून धरला. सांध्यांच्या बाबतींत मात्र चमत्कारिक गोष्ट दिसली. आग भडकली असतां ज्या पट्ट्या शाबूत राहिल्या होत्या, त्यांपैकीं कित्येक, आग ओसरून पोलाद निवत असतां फाटल्या. दुसरें उदाहरण न्यूयॉर्कचें. तेथील जागतिक व्यापार केंद्राची ४७ मजल्यांची सातवी इमारत ११ सप्टेंबर २००१ रोजीं शेजारचा मनोरा कोसळतांना उडालेल्या अवशेषांनीं पेटली. नळांना पाणी नव्हतें; सुमारें सात तास ती जळत राहिली आणि सायंकाळीं खालीं आली. लोक आधींच बाहेर पडले असल्यामुळें तिच्यांत कोणी दगावलें नाहीं. अमेरिकेच्या सरकारी मानक-संस्थेनें २००८ मध्यें दिलेल्या अहवालाप्रमाणें, मजल्याच्या तुळया तापून लांबल्या, त्यांनीं एका मुख्य तुळईला तिच्या बैठकीवरून ढकलून दिलें, आणि तेथून एकामागून एक आधार सुटत गेले. तो सांधा वरून येणारें वजन पेलण्यासाठीं होता. बाजूनें येणाऱ्या रेट्याची कोणी कल्पनाच केली नव्हती.

येथवरचा विषय स्थापत्याचा झाला. मला अस्वस्थ केलें तो प्रश्न नीतीचा आहे, आणि तो स्थापत्याच्या प्रश्नांतूनच निघतो. धाटावच्या त्या इमारतींत खांब करणाऱ्यानें खांब चोख केला होता. तुळई करणाऱ्यानें तुळई चोख केली होती. लेप देणाऱ्यानें ठरल्या जागीं ठरल्या जाडीचा लेप दिला होता, आणि मिस्त्रीनें बोल्ट इमानानें आवळले होते. यांपैकीं कोणालाही शपथ घालून विचारलें असतें तर तो निःशंकपणें म्हणाला असता कीं मीं माझें काम पूर्ण केलें, आणि तें खरेंही ठरलें असतें. तरी काम पूर्ण झालें नव्हतें. प्रत्येकानें आपापलें कर्तव्य केलें असूनही कर्तव्य शिल्लक राहतें, हें कसें? अपराधी कोणी नाहीं आणि अपराध मात्र आहे, अशी स्थिति संभवते काय?

कायद्यानें या प्रश्नाचें एक उत्तर दिलें आहे. आपल्या राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानें इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांच्यावर जबाबदारी ठेविली आहे, आणि उपाययोजना सुस्थितींत असल्याचें प्रमाणपत्र वर्षांतून दोन वेळां द्यावें लागतें. हें योग्यच आहे. परंतु कायदा जबाबदार मनुष्य शोधून देतो. त्याला दृष्टि देऊं शकत नाहीं. पंप चालतो कीं नाहीं, नळाला पाणी येतें कीं नाहीं, घंटा वाजते कीं नाहीं, हें तपासतां येतें. रंगाखालचा बोल्ट उघडा आहे हें ज्यानें रंग दिला त्याला माहीत, आणि ज्यानें देतांना पाहिला त्याला माहीत. मालकाला तें कोणी सांगितलेंच नाहीं तर तो तरी काय करणार?

म्हणून मला असें वाटूं लागलें आहे कीं कर्तव्याची सीमा करारपत्राच्या सीमेवर संपते ही समजूतच मुळांत सदोष आहे. करारपत्र वेतन कोणाला द्यावयाचें हें ठरविण्यासाठीं असतें. इमारतींत जो मनुष्य काम करणार आहे त्याचा जीव करारपत्राच्या कलमांप्रमाणें वांटलेला नसतो. खांब ज्याचा आहे त्याला सांधा आपला नाहीं असें म्हणतां येईल, तुळई ज्याची आहे त्यालाही तसें म्हणतां येईल. पण सांधा उघडा आहे हें ज्याला दिसलें त्याला तें म्हणतां येणार नाहीं. जें दोघांचें म्हणून कोणाचेंच नाहीं, तें ज्याला दिसलें त्याचें. त्यानें स्वतः परांचीवर चढून लेप द्यावा असें नव्हे. पण ज्याला देतां येईल त्याला सांगणें, एवढें तरी त्याच्याकडे येतें. आपल्याकडे 'दृष्टीआड सृष्टि' अशी म्हण आहे. तिच्यांत एक सोय आहे. पण जें दृष्टीस पडलें तें आपण होऊन दृष्टीआड करण्याला ती म्हण लागू पडत नाहीं.

यावर कोणी व्यवहारी गृहस्थ म्हणेल, "आग लागलीच नाहीं तर?" हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. बहुतेक इमारती आपलें सारें आयुष्य आगीवांचून काढतात. समजा कीं एकाच रस्त्यावर दोन कारखाने आहेत. एकाचे सांधे सुरक्षित केले आहेत, दुसऱ्याचे नाहींत. पन्नास वर्षें गेलीं. आग कोठेंच लागली नाहीं. दोन्ही इमारती जुन्या झाल्या व पाडल्या. फळावरून कर्माची परीक्षा करावयाची तर दोन्ही मालक सारखेच चांगले, आणि दुसरा अधिक शहाणा, कारण त्यानें खर्च वांचविला. असें म्हणावयास आपली तयारी आहे काय?

माझी नाहीं. एखाद्या विश्वस्तानें पोरक्या मुलांची ठेव घोड्यांच्या शर्यतीवर लावली, तो पैज जिंकला, आणि ठेव जेथल्या तेथें ठेवून दिली. मुलांचें नुकसान एका पैचेंही झालें नाहीं. तरी ही गोष्ट कळल्यावर आपण त्या गृहस्थाच्या हवालीं पुन्हां कांहीं ठेवूं काय? पैजेवर लावलेली वस्तु आपली असली तर तो अविचार होतो. दुसऱ्याची असली तर तो अपराध होतो, आणि पैज जिंकल्यानें तो पुसला जात नाहीं. दुसऱ्या मालकानें पन्नास वर्षें रोज हीच पैज लावली, आणि ज्यांचे जीव त्यानें लावले होते ते रोज सकाळीं डबा घेऊन त्याच्या दारांतून आंत जात होते. ते वांचले तें त्याच्यामुळें नव्हे. पहिल्या मालकाकडील माणसेंही वांचलीं, पण तीं सुरक्षित होतीं. हीं केवळ सुदैवी होतीं. सुरक्षितता आणि सुदैव यांचें फळ बहुधा एकच दिसतें. म्हणूनच त्यांतील भेद ओळखण्यासाठीं डोळ्यांपेक्षां विवेकाची गरज अधिक.

आणि ही भीति पोकळही नव्हे. आमच्याच जिल्ह्यांत महाडच्या औद्योगिक वसाहतींतील एका औषधी कारखान्यांत ३ नोव्हेंबर २०२३ रोजीं स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगारांचे प्राण गेले. ती गोष्ट स्फोटाची होती, सांध्याची नव्हे. तिचा येथें उल्लेख करतों तो एवढ्याचसाठीं कीं 'आग लागलीच नाहीं तर' असें म्हणणाऱ्यानें ती लागतेही हें विसरूं नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक संभाव्य संकटाविरुद्ध तटबंदी करूं म्हटलें तर कारखाना कधीं उभाच राहणार नाहीं, आणि ज्यांच्या जिवाची काळजी आपण वाहतों त्यांच्या पोटाला काम मिळणार नाहीं. यांत तथ्य आहे. पण अग्निरोध या शब्दाचा अर्थ नीट पाहिला तर हा आक्षेप पुष्कळसा निवळतो. शास्त्रज्ञ इमारत कधींच पडूं नये असें मागत नाहींत. ते मोजून वेळ मागतात: एक तास, दोन तास, फार झालें तर चार. तेवढ्या वेळांत माणसांना बाहेर पडतां यावें, आणि पाण्याचा बंब घेऊन आंत शिरलेल्यांना परत येतां यावें. अग्निरोध म्हणजे अमरत्व नव्हे; ती मुदत आहे. दुसऱ्याच्या बाबतींत आपलें कर्तव्य बहुधा एवढेंच असतें कीं त्याला जेवढा अवसर मिळेल असें आपण भासविलें, तेवढा तरी त्याला खरोखर मिळावा. दोन तासांचा लेप दिलेल्या इमारतीचा सांधा अर्ध्या तासांत सुटला, तर ते दोन तास कोठून मोजावयाचे?

पेणला राहणाऱ्या मनुष्याला ही गोष्ट समजण्यासाठीं कारखान्यांत जाण्याची गरज नाहीं. आमच्या गांवचे गणपति लांबलांबच्या घरीं जातात. शाडूची माती साच्यांत दाबून मूर्तीचें धड काढतात, हात वेगळे काढून मागाहून जोडतात. माती सुकतांना आंखडते, आणि भेग पडावयाची तर ती अशा जोडावर पडण्याचा संभव अधिक. म्हणून जाणता कारागीर तेथें ओली माती भरतो, बोट फिरवतो, पुन्हां पाहतो. रंग चढल्यावर तें बोट कोणाला दिसत नाहीं. मूर्ति तर थोड्या दिवसांत पाण्यांत विरघळावयाची असते. याच तालुक्यांतील गागोदें गांवीं १८९५ मध्यें विनोबा भावे जन्मले. १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें करतांना, बाहेरच्या कर्माला आंतून मनाची जोड मिळाली पाहिजे, हा विचार त्यांनीं आग्रहानें मांडला. हा उपदेश ऐकतांना आपल्या डोळ्यांसमोर सहसा पूजाअर्चा किंवा देशसेवा येते. बोल्टावर लेप देणें हेंही तशाच कर्मांपैकीं आहे. किंबहुना त्याचें फळ कधीं दिसूंच नये अशीच कर्त्याची प्रार्थना असावयाची, म्हणून तें अधिकच कठीण आहे.

कार्डिंग्टनच्या प्रयोगांतील एक गोष्ट मला आपल्या घरांतही दिसते. दुखणें, मृत्यु, कर्ज अशा संकटांत भाऊ-भाऊ एकमेकांस धरून राहतात, आणि संकट ओसरल्यावर, सगळें निवत असतां, कोणत्याशा क्षुल्लक कारणावरून फाटतात. प्रत्येकजण म्हणतो, मीं माझें केलें. आणि तें खरें असतें. दोघांच्या मधल्या जागेकडे मात्र कोणी पाहिलेलें नसतें. दाह संपला म्हणजे धोका संपला असें समजून आपण नेमक्या त्याच वेळीं पाठ फिरवितों. शहाणे स्थापत्यकार आतां सांधा असा योजतात कीं ओढ बसली तर पट्टी थोडी वांकावी, पण बोल्ट एकदम तुटूं नये. ताठपणा म्हणजेच बळकटी असें समजणाऱ्या घरांनीं यावरून कांहीं घेतलें तर बरें होईल.

आतां माझ्या हिशेबाचें. त्या दिवशीं सांधा मला दिसला होता, आणि मी गाडी गांठावयास निघून गेलों होतों. पुढें आठ दिवस मीं कांहीं केलें नाहीं. आपला काय अधिकार, स्नेह्याला वाईट वाटेल, त्याला माहीत असेलच, अशीं सगळीं कारणें माझ्यापाशीं होतीं, आणि 'लेप आमचा नाय' या मिस्त्रीच्या वाक्याहून तीं कांहीं अधिक थोर नव्हतीं. नवव्या दिवशीं मीं पत्र लिहिलें. उत्तर लगेच आलें. लेपवाले समजत होते कीं जोडणीवाले सांध्यांना लेप देतील. जोडणीवाले समजत होते कीं लेपवाले पुन्हां येतील. आणि स्नेही समजत होता कीं दोघांपैकीं कोणी तरी तें करून गेलें आहे. साधा रंग खरवडून प्रत्येक सांध्याला लेप देवविल्याचें त्यानें पुढच्या पत्रांत कळविलें.

भाद्रपदांत गणपति झाल्यावर पुन्हां रोह्यास जाणें झालें. कारखाना सुरू झाला होता. दाराशीं तोच मिस्त्री भेटला. "काका, तुमच्यापायीं दोन दिवस परत वर चढलो," असें तो म्हणाला, पण रागानें नव्हे. पाळी बदलत होती. माणसें डबे घेऊन आंत जात होतीं, आणि वर पाहण्याचें कोणाला कारण नव्हतें. मीं मात्र मान वर करून पुष्कळ वेळ पाहिलें. खालून रंग एकच दिसत होता.